दहापैकी चार

आधी एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरी बोलायचं आणि शाळेत एका पेपरापुरतं लिहायचं, एवढाच आमचा संबंध. मराठी विभागाच्या संपादकांनी मेसमध्ये गाठून लेख मागितला तेव्हा मी इंग्लिश सेक्शनकडे बोट दाखवून सटकणार होते. पण जे सांगायचं आहे ते माझ्यासमोर मराठीतच घडलं. म्हणून हा प्रयत्न. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

गोष्ट गेल्या वर्षीच्या पी.एल.मधली. ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि मी अभ्यासाच्या नावाखाली घरी गेले होते. नववा महिना लागला, ताईचं बी.पी. वाढलं आणि पाठोपाठ रक्तातल्या प्लेटलेट कमी झाल्या. डॉक्टर म्हणाले, आज रात्रीच सीझर करावं लागेल. एरवी सीझरला पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. आई जागी असते, बाळाचं रडणं स्वतः ऐकते. पण प्लेटलेट फार कमी असताना मणक्यात सुई घातली आणि आत रक्त साकळलं, तर पायांतली शक्ती जाण्याचा धोका असतो. म्हणून ताईला पूर्ण भूल द्यायची ठरली.

जिजू अजून गाडीत होते. पॅसेजमधल्या बाकावर आई, बाबा आणि मी. सिनेमात दार उघडायच्या आधीच ट्यँहा ऐकू येतं ना, आम्ही त्याचीच वाट बघत होतो. काहीच ऐकू येईना. आईच्या हातातली जपमाळ थांबली. बाबा उठले, पुन्हा बसले. किती वेळ गेला कोण जाणे, मला तरी एक अख्खं लेक्चर गेल्यासारखं वाटलं. मग आतून एक अगदी बारीक, चिडका आवाज आला.

थोड्या वेळाने भूल देणाऱ्या मॅडम बाहेर आल्या. "मुलगी झाली," त्या म्हणाल्या. "आईबरोबर तिलाही थोडी भूल चढली होती. उठवलं तिला."

डिस्चार्जच्या दिवशी कार्डावर एक ओळ होती: अपगार, १ मिनिट ४/१०, ५ मिनिटे ८/१०. बाबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि हळूच मला विचारलं, "पहिल्याच परीक्षेत नापास?" गंमत म्हणून विचारलं होतं, पण त्यांचा आवाज गमतीचा नव्हता.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची विद्यार्थिनी. समोर एखादं रीडिंग आलं की हे कशाने मोजलं आणि कशासाठी, असा प्रश्न आम्हाला पडायलाच हवा. तेव्हा उत्तर येत नव्हतं. नंतर शोधलं, वाचलं, त्या मॅडमना भेटून भंडावलं. त्यातून जे कळलं ते तुम्हाला सांगते.

भूल बाळापर्यंत पोचते कशी?

पोटात असताना बाळाची फुफ्फुसं हवेने नाही, पाण्यासारख्या द्रवाने भरलेली असतात. श्वासाचं काम वार करते. आईच्या रक्तातला ऑक्सिजन वारेतून नाळेत आणि नाळेतून बाळाकडे जातो, कार्बन डायऑक्साइड उलट्या वाटेने परत येतो. दोघींचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मध्ये पातळ पडदा असतो.

या पडद्यामुळे सुरुवातीला बऱ्याच डॉक्टरांचा समज होता की आईला दिलेलं औषध आईपुरतंच राहतं. १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी बाळंतपणाच्या कळांसाठी आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरलं. १८५३ मध्ये जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी क्लोरोफॉर्म दिलं आणि ही पद्धत प्रतिष्ठित झाली. (हेच ते स्नो, ज्यांनी लंडनच्या कॉलऱ्याचा माग पाण्याच्या पंपापर्यंत काढला.) पुढे १८७० च्या दशकात पॉल त्स्वाइफेल या जर्मन-भाषक डॉक्टरांनी दाखवून दिलं की आईला दिलेलं क्लोरोफॉर्म बाळाच्या शरीरातही सापडतं. म्हणजे पडदा काही भिंत नव्हे.

आपण फर्स्ट इयरला डिफ्यूजन शिकलो तेच इथे चालतं. दोन बाजूंच्या प्रमाणातला फरक जितका जास्त, पडद्याचं क्षेत्रफळ जितकं मोठं आणि जाडी जितकी कमी, तितका पदार्थ भराभर पलीकडे जातो. शिवाय रेणू लहान हवा, चरबीत विरघळणारा हवा आणि त्यावर विद्युतभार नको. आता गंमत बघा. भूल द्यायची म्हणजे औषध रक्तातून मेंदूत शिरायला हवं आणि मेंदूभोवतीचा पहारा ओलांडायलाही नेमके हेच गुण लागतात. जो वायू आईच्या मेंदूत पोचतो तो वारेतूनही जातोच. बाळाला अजिबात न पोचणारा भुलीचा वायू मागणं म्हणजे जवळपास भूल न देणारा भुलीचा वायू मागण्यासारखं आहे. उलट स्नायू सैल करणारी जी इंजेक्शनं त्याच वेळी देतात, त्यांच्या रेणूंवर भार असतो. ती नेहमीच्या मात्रेत बाळाकडे अगदी थोडीच जातात.

श्वासाचं चक्र

मग बाळाला भूल चढली तर बिघडतं काय? पोटात असेपर्यंत फारसं काही नाही, कारण श्वास वार घेते आहे. खरी अडचण नाळ कापल्यावर सुरू होते.

जन्मानंतर बाळाला आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम काही सेकंदांत करायचं असतं. फुफ्फुसातला द्रव बाजूला सारून तिथे हवा ओढायची. त्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वासकेंद्राने हुकूम सोडायला हवा. बाहेरची थंडी, उजेड, हाताळणं, रक्तातला वाढता कार्बन डायऑक्साइड, हे सगळं त्याला जागं करत असतं. भुलीचा वायू याच केंद्राला झोपवतो. हाक ऐकू येते, पण ओ दिली जात नाही.

आता यात एक गोष्ट आहे जी वाचून मी वहीवर सरळ ब्लॉक डायग्राम काढला. वासावाटे दिले जाणारे हे वायू शरीराबाहेर मुख्यतः आले त्याच वाटेने जातात, म्हणजे श्वासातून. बाळाचा श्वास मंद असेल तर वायू बाहेर पडत नाही. वायू आत राहिला तर श्वास मंदच राहतो. दुष्टचक्र! आपल्या भाषेत पॉझिटिव्ह फीडबॅक. हे चक्र बाहेरून तोडावं लागतं. म्हणूनच रबरी पिशवी आणि मास्क लावून बाळाच्या फुफ्फुसात हवा भरतात. त्या हवेने दोन कामं होतात. ऑक्सिजन आत जातो आणि भूल बाहेर येते. मॅडम म्हणाल्या होत्या "उठवलं तिला", त्याचा अर्थ मला इथे कळला.

वायू किती लवकर बाहेर येईल ते तो रक्तात किती विरघळतो यावर ठरतं. त्यासाठी एक आकडा वापरतात: तेवढ्याच हवेच्या तुलनेत रक्तात किती पट वायू मावतो. जुन्या ईथरसाठी हा आकडा साधारण १२ आहे, हॅलोथेनसाठी २.४ आणि आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेव्होफ्लुरेनसाठी सुमारे ०.६५. ईथर रक्तात मुरून बसतं, सेव्होफ्लुरेन मात्र श्वास सुरू झाला की भराभर निघून जातं. वायू बदलत गेले त्यामागे हे मोठं कारण आहे.

डॉक्टर अपगार आणि त्यांचा लाडका गॅस

कार्डावरचं अपगार हे एका बाईंचं आडनाव आहे. व्हर्जिनिया अपगार, जन्म १९०९, अमेरिकेतलं न्यू जर्सी. कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. सर्जन व्हायचं होतं, पण त्यांचे प्रमुख ॲलन व्हिपल यांनी भूलशास्त्राकडे जायचा सल्ला दिला, कारण स्त्री सर्जनला त्या काळी काम मिळवणं कठीण होतं. १९४९ मध्ये त्या तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात पूर्ण प्राध्यापक झाल्या. तिथे हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

बाई वल्ली होत्या. व्हायोलिन आणि चेलो वाजवायच्या आणि स्वतः वाद्यं बनवायच्याही. हॉस्पिटलच्या लॉबीतल्या टेलिफोन बूथची फळी सुरेख मेपल लाकडाची आहे हे लक्षात आल्यावर त्या आणि त्यांची वाद्यं बनवणारी मैत्रीण कार्लीन हचिन्स रात्री तिथे गेल्या आणि दुसरी फळी बसवून ती काढून आणली! त्या फळीची एका व्हायोलाची पाठ झाली. (होस्टेलवाल्यांनी यातून प्रेरणा घेऊ नये. रेक्टर मॅडम हा अंक वाचतात.)

त्या काळी बाळ जन्मलं की सगळ्यांचं लक्ष आईकडे असायचं. निपचित पडलेल्या बाळाबद्दल "जरा मलूल आहे" याहून नेमकं कुणी बोलत नव्हतं. मलूल म्हणजे किती? एका डॉक्टरचं मलूल दुसऱ्याचं ठीकठाक. १९४९ मध्ये नाश्त्याच्या टेबलावर एका विद्यार्थ्याने विचारलं की नवजात बाळाची अवस्था मोजायची कशी, आणि अपगार बाईंनी हाताला लागलेल्या कागदावर पाच मुद्दे लिहून काढले, असं सांगतात. १९५२ मध्ये त्यांनी ही पद्धत परिषदेत मांडली, १९५३ मध्ये ती छापून आली.

पाच गोष्टी बघायच्या: हृदयाचे ठोके, श्वासाची धडपड, चिमटा किंवा नळी लागली तर बाळ तोंड वाकडं करतं का, हातापायांत ताकद आहे का आणि रंग गुलाबी की निळा. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन मार्क. उदाहरणार्थ ठोके नसतील तर शून्य, मिनिटाला १०० च्या खाली असतील तर एक, १०० च्या वर असतील तर दोन. जन्मानंतर बरोबर एका मिनिटाने बेरीज करायची. पुढे पाचव्या मिनिटाची बेरीजही रूढ झाली. यंत्र नाही, वायर नाही, बॅटरी नाही. डोळे, कान, हात आणि घड्याळ. आम्ही लॅबमध्ये सेन्सरच्या नावाने ओरडत असतो, त्यांना हे बघून लाज वाटावी.

(१९६२ मध्ये जोसेफ बटरफील्ड या डॉक्टरांनी बाईंच्या आडनावातल्या इंग्रजी अक्षरांवर हे पाच मुद्दे बसवून दिले: अपिअरन्स, पल्स, ग्रिमेस, ॲक्टिव्हिटी, रेस्पिरेशन. त्यामुळे अनेकांना वाटतं की अपगार हा शॉर्टफॉर्मच आहे. मलाही वाटलं होतं.)

आता खरा मुद्दा. एकदा आकडा हातात आला की तुलना करता येते. सीझरच्या बाळांमध्ये, ज्यांच्या आईला मणक्यात इंजेक्शन दिलं त्यांचे मार्क चांगले आणि ज्यांच्या आईला पूर्ण भूल दिली त्यांचे कमी, हे पहिल्याच लेखात दिसलं. पुढे डंकन होलाडे आणि स्टॅन्ली जेम्स या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी बाळांच्या नाळेतलं रक्त तपासायला सुरुवात केली. त्यात ऑक्सिजन किती, आम्ल किती आणि भुलीचा वायू किती, हे सगळं मोजलं.

तेव्हा सायक्लोप्रोपेन हा वायू जोरात होता. वास गोड, आई पटकन झोपते, पटकन उठते. स्फोट होण्याचा धोका सोडला तर सोन्यासारखा. तो रुग्णांवर वापरायला सुरुवात करणाऱ्या राल्फ वॉटर्स यांच्याकडेच अपगार बाई भूलशास्त्र शिकल्या होत्या. त्यांचा तो आवडता गॅस. पण आकडे वेगळंच सांगत होते. सायक्लोप्रोपेन वारेतून बाळाकडे जात होता आणि त्या बाळांचे मार्क खाली होते. हे १९५७ मध्ये प्रसिद्ध झालं. बाईंनी बाळंतपणात तो वायू वापरणं बंद केलं आणि मग इतरांनीही.

मला हा भाग सगळ्यात आवडतो. स्वतः पट्टी बनवायची, त्याच पट्टीने स्वतःची आवडती गोष्ट मोजायची आणि ती उणी निघाली तर सोडून द्यायची. आपण प्रोजेक्टमध्ये ग्राफ बरोबर येत नाही म्हणून रीडिंग "ॲडजस्ट" करतो. (करतो. सगळे करतो.) बाईंनी रीडिंगला हात लावला नाही, गॅस बदलला.

आज काय करतात?

एक सावधगिरी. पूर्ण भूल आणि कमी मार्क एकत्र दिसले म्हणून सगळा दोष वायूचाच असं नाही. घाईच्या वेळी, बाळाचे ठोके पडत असताना, इंजेक्शनला वेळ नसतो म्हणूनही पूर्ण भूल देतात. अशी बाळं आधीच अडचणीत असतात. कारण कोणतं आणि सोबत कोणतं, हे वेगळं करावं लागतं. आमच्या ताईच्या बाळाचे ठोके आधी चांगले होते, म्हणून मॅडमनी "भूल चढली" असं छातीठोक सांगितलं. त्यात झोपवायच्या इंजेक्शनचाही वाटा होता, एकट्या वायूचा नाही, हेही त्यांनी सांगितलं.

आज म्हणूनच शक्य तिथे मणक्यातलं इंजेक्शन पसंत करतात. पूर्ण भूल द्यावीच लागली तर पोट स्वच्छ करून, कापड घालून, सर्जन हातमोजे घालून तयार उभे राहतात आणि मगच भूल सुरू होते. भूल चढायला लागल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतचा वेळ जितका कमी, तितकं बाळाकडे जाणारं औषध कमी. वायूची मात्राही आटोपशीर ठेवतात, कारण जास्त वायूने गर्भाशय सैल पडतं आणि रक्तस्राव वाढतो.

बाळासाठी वेगळा माणूस हजर असतो. पुसायचं, ऊब द्यायची, पाठ चोळायची. एवढ्याने श्वास आला नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत पिशवी-मास्क. इथे मार्कांची वाट बघत बसत नाहीत, मदत आधी सुरू होते आणि मार्क मागून लिहिले जातात. आणखी एक नवल म्हणजे पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात शुद्ध ऑक्सिजनने नाही, साध्या हवेने करतात. जास्त ऑक्सिजनचा अपाय होऊ शकतो. या बदलामागच्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक १९९३ मध्ये आपल्या दिल्लीच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला होता. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय सूचनांत साधी हवा आली.

आणि तान्ह्या बाळाचंच ऑपरेशन असेल तर? यावर सात देशांतल्या २८ हॉस्पिटलांत मिळून मोठा अभ्यास झाला. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या ७२२ तान्ह्या बाळांपैकी काहींना सेव्होफ्लुरेन दिलं, काहींना मणक्याजवळ इंजेक्शन देऊन जागं ठेवलं. कुणाला काय, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात श्वास थांबण्याचं प्रमाण सेव्होफ्लुरेनच्या गटात सुमारे ३ टक्के आणि इंजेक्शनच्या गटात १ टक्का निघालं. पण बारा तासांचा हिशोब केला तर दोन्ही गट जवळपास सारखे, ४ आणि ३ टक्के. श्वास थांबायचा सगळ्यात मोठा धोका होता तो दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना. हीच मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धी तपासली. २०१९ मध्ये निकाल आला: तासाभराच्या आतल्या एका भुलीने फरक पडलेला दिसला नाही.

मग ती नापास झाली का?

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मी मॅडमना विचारून आणलं. एका मिनिटाचा आकडा फक्त एवढंच सांगतो की या बाळाला आत्ता किती मदत लागणार आहे. ती पुढे कशी निघेल, हुशार होईल का, हे त्यावरून ठरवायचं नसतं. अपगार बाईंनी तो त्यासाठी बनवलाच नव्हता. चार म्हणजे: इकडे बघा, थांबू नका. आणि पाचव्या मिनिटाचा आठ म्हणजे: मदत लागू पडली.

हे मी घरी फोनवर समजावून सांगितलं तेव्हा पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग आई म्हणाली, "हे तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर दोन रात्री झोपले असते." म्हणून खरं तर हा लेख. आपल्यापैकी कुणीतरी कधी ना कधी त्या बाकावर बसणार आहे, आणि हातात तसंच कार्ड येणार आहे.

भाची आता वर्षाची झाली. फोनवर माझा आवाज ऐकला की इतकी किंचाळते की तिच्या श्वासकेंद्राबद्दल कुणाला शंका उरणार नाही.

राहता राहिला माझा निकाल. त्या सेमला माझी एक केटी लागली. मी घाबरत बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "असू दे. पहिल्या मिनिटाचे मार्क आहेत. पाचव्याला आठ आण."